क्षीण संकेत, मोठा गोंगाट : आकाशातील घड्याळे आणि नदीतील मासे

ध्रुवमत्स्य (मूळ लेख)

गुरुत्वलहरी (अवकाशाला ताणत-दाबत जाणाऱ्या लहरी) आणि जलप्रदूषण या दोन विषयांवरील संशोधन मी बरीच वर्षे वेगवेगळ्या वह्यांत टिपत आलो. अलीकडे दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचताना लक्षात आले की दोन्हीकडील संशोधकांचा बहुतेक काळ एकाच कामात गेला आहे. हवा असलेला संकेत अतिशय क्षीण, त्याभोवतीचा गोंगाट प्रचंड, आणि त्या गोंगाटाचे रूप पुरते ओळखल्याशिवाय संकेतावर विश्वास ठेवायचा नाही, असे हे काम आहे. या धाग्यात दोन्हींकडील एकेक उदाहरण सविस्तर मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तेथे दुरुस्ती करावी.

पहिले उदाहरण आकाशातले. जून २०२३ च्या अखेरीस उत्तर अमेरिका, युरोप व भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील संशोधकगटांनी एकाच वेळी जाहीर केले की अतिशय मंद गुरुत्वलहरींचा पुरावा त्यांना मिळाला आहे. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदवलेली लहर सेकंदाच्या एका अंशात संपली होती. या लहरींचे एक आंदोलन मात्र पूर्ण व्हायला अनेक वर्षे लागतात. दीर्घिकांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरे जोडीने एकमेकांभोवती फिरत असताना अशा लहरी निर्माण होत असाव्यात, असे मानले जाते. एवढ्या लांबलचक लहरीसाठी पृथ्वीवर यंत्र बांधता येत नाही, म्हणून आकाशगंगेतील स्पंदक तारेच घड्याळे म्हणून वापरले गेले. अतिवेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे रेडिओ ठोके इतके नियमित असतात की पुढचा ठोका कधी येईल याचे भाकीत एक मायक्रोसेकंदाहूनही कमी चुकीने करता येते, आणि गुरुत्वलहर मधून गेली की तो ठोका किंचित आधी किंवा किंचित उशिरा पोहोचतो. अशा जातीचा पहिला तारा १९८२ मध्ये सापडला. तो सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरतो. तो शोधणाऱ्या गटात श्रीनिवास कुलकर्णी होते, ज्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा.

येथे पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे काम कळीचे ठरते. ताऱ्यांमधील जागा पूर्ण रिकामी नसते. तेथील विरळ इलेक्ट्रॉनांतून येताना रेडिओलहरी रेंगाळतात, आणि हा विलंब वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे १,४०० मेगाहर्ट्झऐवजी ४०० मेगाहर्ट्झवर ऐकले, तर तोच विलंब सुमारे बारापट मोठा दिसतो. शिवाय पृथ्वी, तारा आणि मधले इलेक्ट्रॉनांचे ढग सतत सरकत असल्यामुळे तो दर महिन्याला बदलतो. उंच वारंवारितेवर ऐकणाऱ्या दुर्बिणींना हा बदल नीट दिसत नाही आणि तो गुरुत्वलहरीच्या परिणामात मिसळून जातो. नारायणगावजवळच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी नेमका हाच गोंगाट मोजला, आणि त्या मोजणीच्या आधारे युरोपच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदी अधिक स्वच्छ करता आल्या. आपल्या दुर्बिणीने गोंगाट मोजून दिला, हे सांगताना काहींना कमीपणा वाटतो. मला ती या साऱ्या कामातील सर्वांत जबाबदारीची बाजू वाटते.

दुसरे उदाहरण पाण्यातले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअॅटलच्या परिसरात, शहरातील ओढे खर्च करून पूर्ववत केले गेले. समुद्रातून कोहो जातीचे सॅमन मासे पुन्हा त्या ओढ्यांत अंडी घालण्यासाठी परतू लागले, आणि पाऊस पडला की काही तासांत भोवळ आल्यासारखे गोल गोल फिरून अंडी घालण्याआधीच मरू लागले. धातू, कीटकनाशके, तेलाचे घटक, प्राणवायूची कमतरता हे सारे नेहमीचे संशयित तपासून झाले, तरी काही हाती लागले नाही. त्याच पाण्यात चम जातीचे सॅमन मात्र जिवंत राहत होते. अखेर संशोधकांनी टायरच्या रबराचा अर्क घेतला, त्यातील २,००० हून अधिक पदार्थांचे गट वेगळे केले, आणि प्रत्येक गटाच्या द्रावणात मासे ठेवून कोणता मारक आहे हे पाहत शोध अरुंद करत नेला. शेवटी उरलेल्या पदार्थाचे रेणुसूत्र होते कार्बन १८, हायड्रोजन २२, नायट्रोजन २, ऑक्सिजन २. टायरमध्ये असे काही घातले जात असल्याची कोठेही नोंद नव्हती.

उकल झाली ती एका साध्या विचाराने. हा पदार्थ टायरमध्ये घातलेला नसून तेथे तयार झालेला असेल तर? रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ६पीपीडी नावाचे रसायन मिसळतात, आणि हवेतील ओझोनशी स्वतः संयोग पावून रबर वाचवणे हेच त्याचे काम असते. त्याचे सूत्र कार्बन १८, हायड्रोजन २४, नायट्रोजन २. हायड्रोजनचे दोन अणू गेले, ऑक्सिजनचे दोन आले, आणि ६पीपीडी-क्विनोन तयार झाले. हे संशोधन डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या राज्यात लायगोची हॅनफर्ड वेधशाळा आहे, त्याच राज्यात हे घडले, याची मला उगाचच मौज वाटते.

प्रयोगवही

लेख आवडला. मात्र स्पंदकांच्या बाबतीत एक शंका राहते. सर्व ताऱ्यांच्या ठोक्यांत एकाच प्रकारची चूक दिसली, तर ती आपल्या पृथ्वीवरील घड्याळाचीच चूक नसेल कशावरून? मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वलहरींचा ठसा सापडल्याचे जाहीर केले होते. पुढल्याच वर्षी प्लँक उपग्रहाच्या माहितीसह पुन्हा विश्लेषण केल्यावर त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा असल्याचे दिसून आले. ते मोजमाप उत्तम होते, चूक गोंगाटाच्या अंदाजात झाली होती. येथेही तसेच होणार नाही, याची हमी कोणी द्यायची?

ध्रुवमत्स्य

प्रयोगवही, आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर हाच मला या संशोधनातील सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पृथ्वीवरील प्रमाणवेळ चुकली, तर आकाशातील प्रत्येक स्पंदक एकाच वेळी, सारखाच आणि एकाच दिशेने चुकलेला दिसेल, मग तो आकाशात कोठेही असो. सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याचे स्थान चुकले, उदाहरणार्थ गुरू ग्रहाची कक्षा आपण किंचित चुकीची धरली, तर आकाशाच्या एका बाजूचे तारे लवकर आणि विरुद्ध बाजूचे उशिरा ठोके देत असल्यासारखे दिसतील. गुरुत्वलहर मात्र अवकाश एका दिशेने ताणते आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेने दाबते. त्यामुळे तिचा ठसा या दोहोंहून वेगळा असतो. जवळजवळचे दोन तारे एकत्र चुकतात, सुमारे ८० अंशांनी दूर असलेले दोन तारे परस्परविरुद्ध चुकतात, आणि १८० अंशांवरील तारे पुन्हा काहीसे एकत्र येतात. कोनानुसार हा मेळ कसा बदलतो हे दाखवणारा वक्र हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्येच काढून ठेवला होता. तो प्रत्यक्ष तपासून पाहण्यासाठी चाळीस वर्षे थांबावे लागले.

गुरूच्या कक्षेचे उदाहरण मी कल्पनेने दिलेले नाही. नॅनोग्राव्ह या उत्तर अमेरिकी गटाच्या आधीच्या ११ वर्षांच्या नोंदींत असे आढळले होते की ग्रहांच्या स्थानांचे कोणते कोष्टक वापरावे यावर त्यांचा निष्कर्ष बदलत होता. त्यांनी ती अनिश्चितता लपवली नाही, ती गणितातच धरली. पुढे १२.५ वर्षांच्या नोंदींत सर्व ताऱ्यांना समान असा एक संकेत स्पष्ट दिसला, परंतु त्यात हेलिंग्ज-डाउन्स वक्र दिसत नव्हता, म्हणून त्यांनी गुरुत्वलहरी सापडल्याचा दावा केला नाही. २०२३ मध्ये ६७ ताऱ्यांच्या १५ वर्षांच्या नोंदींत तो वक्र उमटला. तरीही कोणत्याही गटाने ‘पुरावा’ यापुढचा शब्द वापरला नाही. संकेत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती कमी, हे सिग्मात मोजतात. भौतिकशास्त्रात ‘शोध’ म्हणण्यासाठी ५ सिग्मा ही पायरी मानली जाते, आणि ही निरीक्षणे गटागणिक सुमारे २ ते ४.६ सिग्मांच्या दरम्यान होती. त्यामुळे आपण मागता ती हमी अजून कोणीच देत नाही.

घड्याळांवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वाधिक भरवशाच्या स्पंदकांपैकी एकाच्या ठोक्याचा आकारच अचानक बदलला. तो बदल जीएमआरटीच्या निरीक्षणांतूनही नोंदवला गेला. अनेक तारे आणि अनेक दुर्बिणी यांच्याशिवाय अशा वेळी निभाव लागला नसता.

माळरान

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया होणार आहे, म्हणून एक प्रश्न विचारतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिल्याचे वाचले. समुद्रापासून दूर असल्याचा आमच्या जागेला काही लाभ होतो का?

ध्रुवमत्स्य

माळरान, समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत मंद कंप सतत चालू असतो आणि तो खंडाच्या आत खोलवर पोहोचतो, त्यामुळे त्यातून पूर्ण सुटका कोठेच नाही. किनारा, रेल्वे, महामार्ग आणि कारखाने यांपासूनचे अंतर मात्र नक्कीच उपयोगी पडते. लायगोच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत मोजायचा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असू शकतो. हॅनफर्ड येथे तर नळ्यांवर साचलेला बर्फ टोचणाऱ्या डोमकावळ्यांच्या चोचींचा आवाजही नोंदींत उतरला होता, आणि तो ओळखून काढावा लागला. गोंगाट म्हणजे काय, हे यावरून लक्षात येईल.

नदीकाठ

मी शिरोळ तालुक्यातला आहे. ध्रुवमत्स्य यांनी कुरुंदवाडचा उल्लेख केला म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. ज्या गावात जन्मलेल्या माणसाने सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा तारा शोधण्यात भाग घेतला, त्या गावाजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि त्याच्या वरच्या अंगाला बंधाऱ्यांत मेलेल्या माशांचा खच पडलेला आम्ही पुनःपुन्हा पाहिला आहे.

एका उन्हाळ्यातील प्रसंग सांगतो. पहाटे नदीवर गेलो तेव्हा मासे वर येऊन आ वासत होते, आणि सूर्य वर आला तोपर्यंत रोहू, कटला पोट वर करून तरंगू लागले. पाणी काळपट होते आणि त्याला मळीसारखा वास येत होता. आम्ही संबंधित कार्यालयाला कळवले. नमुना घ्यायला माणूस आला तो दुपारी अडीच वाजता. काही आठवड्यांनी आलेल्या अहवालात विरघळलेला प्राणवायू ‘समाधानकारक’ असल्याचे लिहिले होते. त्यानंतर गावात दोन तट पडले. एक तट म्हणे कारखान्याने सोडले, दुसरा म्हणे शेतातील औषध ओढ्याने आले. दोन्हींना पुरावा नाही. सॅमन माशांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना दोन अणूंचा फरक शोधता आला, मग आमच्या नदीत मासे कशाने मेले एवढे साधे उत्तर का मिळत नाही?

प्रथिन

नदीकाठ, मी जीवरसायनशास्त्र शिकवते. आपला प्रश्न साधा नाही, परंतु अहवाल ‘समाधानकारक’ का आला, याचे कारण बहुधा नमुन्याच्या वेळेत आहे.

पोषकद्रव्ये जास्त असलेल्या संथ पाण्यात शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडते, आणि रात्री माशांप्रमाणेच तोच प्राणवायू वापरते. त्याच्या जोडीला सेंद्रिय घाण कुजवणारे जिवाणू दिवसरात्र प्राणवायू खात असतात. म्हणून अशा पाण्यातील प्राणवायू सूर्योदयाच्या थोडा आधी नीचांकावर असतो आणि दुपारी सर्वाधिक असतो. २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात तो लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो. हिरवट पाण्यात दुपारी तो याहूनही वर जाऊ शकतो, आणि त्याच पाण्यात पहाटे जवळजवळ शून्य असू शकतो. मासे पहाटे मेले आणि मोजणी दुपारी झाली, तर अहवाल खोटा नसूनही निरुपयोगी ठरतो. ध्रुवमत्स्य यांच्या भाषेत सांगायचे तर आपल्याकडे घड्याळ चुकीच्या वेळी वाचले गेले.

कोणते मासे मेले यावरूनही बरेच कळते. मरळ आणि मागूर यांना कल्ल्यांशिवाय थेट हवेतून श्वास घेण्याची सोय असते. चिलापीही कमी प्राणवायूत बराच वेळ तग धरते. रोहू-कटला मेले आणि मरळ-मागूर वाचले, तर प्राणवायू संपल्याचा संशय बळावतो. सर्व जाती एकदम मेल्या, वर येऊन आ वासण्याऐवजी झटके देत मेल्या, तर विषाकडे लक्ष द्यावे लागते. कोहो आणि चम यांच्यातील फरकानेही संशोधकांना असाच दिशेचा आधार दिला होता.

शेतातील औषधाबद्दल एक खास गोष्ट सांगते. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके मज्जातंतूंच्या सांध्यांवरील अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला घट्ट चिकटून ते निकामी करतात. पाणी काही तासांत पुढे वाहून जाते, पण माशाच्या मेंदूतील हे विकर दबलेलेच राहते. म्हणून नुकत्याच मेलेल्या माशांची डोकी लगेच बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेली, तर पिवळा रंग देणाऱ्या एल्मन पद्धतीने विकराची क्रिया मोजता येते. ही पद्धत १९६१ पासून वापरात आहे. तुलनेसाठी प्रदूषण नसलेल्या ठिकाणचे, त्याच जातीचे निरोगी मासे मात्र हवेतच. त्यांच्याशिवाय आलेला आकडा कमी की जास्त, हे सांगता येत नाही.

प्रयोगवही

प्रथिन यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून प्रयोगशाळेतील बाजू सांगतो, कारण माझे आयुष्य त्यातच गेले. पाण्यातील सूक्ष्म पदार्थ मोजताना आम्ही नेहमी एक कोरा नमुना सोबत ठेवतो, म्हणजे तीच बाटली, तीच रसायने, तीच हाताळणी, फक्त नदीचे पाणी नाही. सूक्ष्मप्लास्टिकच्या कामात तर कोऱ्या नमुन्यातही तंतू सापडतात, कारण ते आमच्या कपड्यांवरून आणि खोलीतील हवेतून पडतात, म्हणून सुती अंगरखे घालून काम करावे लागते. समुद्रात ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांची छिद्रे बहुधा मिलिमीटरच्या एकतृतीयांश असतात, त्यामुळे त्याहून बारीक कण जाळीतून निसटतात, आणि दोन अहवालांतील आकडे वेगळे दिसतात ते कधी कधी केवळ जाळी वेगळी असल्यामुळे.

सॅमनच्या कथेतही एक दुरुस्ती झाली, ती ध्रुवमत्स्य यांनी सांगितलेली नाही. २०२० च्या लेखात अर्धे कोहो मारणारे प्रमाण लिटरला सुमारे ८०० नॅनोग्रॅम दिले होते. पुढे त्या पदार्थाचा प्रमाणित शुद्ध नमुना बाजारात उपलब्ध झाला, त्याच संशोधकांनी पुन्हा मोजणी केली आणि २०२२ मध्ये तो आकडा ९५ नॅनोग्रॅम असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे पदार्थ आधी वाटला त्याहून आठपट जहाल निघाला. ज्या मोजपट्टीने मोजायचे ती मोजपट्टीच आधी नीट नव्हती. स्वतःचा गाजलेला आकडा स्वतःच बदलणाऱ्या या मंडळींबद्दल मला फार आदर वाटतो.

ध्रुवमत्स्य

प्रयोगवही, दुरुस्तीबद्दल आभारी आहे. मूळ लेखात ती यायला हवी होती.

नदीकाठ, आपल्या प्रश्नाला एक बाजू अशीही आहे की सॅमनचे कोडे एका दिवसात सुटले नाही. मासे मरत असल्याची नोंद कित्येक वर्षे होत राहिली. ओढ्यांवर पाहणी करणारे लोक पाऊस कधी पडला, मासे कधी वळवळू लागले, हे लिहून ठेवत होते. म्हणूनच ‘पावसानंतर काही तासांत’ हा धागा हाती लागला आणि संशय रस्त्यावरून वाहत येणाऱ्या पाण्याकडे वळला. तुमच्याकडे पहाटे नदीवर जाणारी माणसे आहेत. एखाद्या कार्यालयातील दुपारी येणाऱ्या वाहनापेक्षा ती अधिक मोलाची आहेत.

नदीकाठ

सर्वांचे आभार. दुपारच्या नमुन्याविषयी वाचून मन अस्वस्थ झाले, कारण तो अहवाल दाखवून आम्हाला गप्प बसवले गेले होते. एक विचारतो. पहाटे प्राणवायू मोजायचा तर महागडे उपकरण लागेल का? आणि आणखी एक गोष्ट आठवली. ज्या दिवशी मासे मेले, त्याच्या आदल्या दिवशी वरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले होते. त्याचा काही संबंध असू शकतो का?

प्रथिन

बरग्यांची माहिती फार महत्त्वाची आहे. बंधाऱ्यात अनेक महिने साचलेल्या पाण्याच्या तळाशी प्राणवायूविरहित काळा गाळ असतो. बरगे काढल्यावर तळातील ते पाणी आणि ढवळलेला गाळ एकदम खाली येतो, आणि त्यातील पदार्थ प्राणवायूशी संयोग पावून खालच्या पाण्यातील साठा काही तासांत संपवू शकतात. असे असेल तर त्या रात्री कोणी काही सोडलेच असेल असे नाही. गाळात जे साचले ते मात्र आधीच्या कित्येक महिन्यांत कोणीतरी सोडलेले असते, त्यामुळे दोष पुसला जात नाही, त्याची तारीख फक्त मागे जाते.

उपकरण लागत नाही. विंकलर यांची १८८८ ची पद्धत महाविद्यालयातील कोणतीही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा शिकवू शकेल. ३०० मिलिलिटरची बूच असलेली काचेची बाटली बुडबुडा न राहता पाण्याखालीच भरायची, आणि काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. नेमका आकडा पुढे त्याच दिवशी प्रयोगशाळेत काढता येतो. अल्कली त्वचेला आणि डोळ्यांना घातक असते, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा, आणि लहान मुलांना त्यापासून दूर ठेवा.

नदीकाठ

शेजारच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या शिक्षकांशी आज बोललो. ते बाटल्या आणि रसायने द्यायला तयार आहेत, आणि दोन विद्यार्थी रविवारी येऊन आम्हाला पद्धत दाखवणार आहेत. बंधाऱ्याच्या वर एक, खाली एक आणि ओढा मिळतो तेथे एक, अशा तीन जागा ठरवल्या आहेत. मासे मेलेले नसतानाही दर आठवड्याला एकदा पहाटे साडेपाचला आणि त्याच दिवशी दुपारी अडीचला नमुना घ्यायचा, आणि बरगे कधी घातले व कधी काढले याची तारीख त्याच वहीत लिहायची. पहिल्या महिन्याचे आकडे हाती आले की याच धाग्यावर देतो.

प्रयोगवही

नदीकाठ, प्रत्येक फेरीला एकाच जागेवरून दोन बाटल्या भरा. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत, तर आधी तुमच्या हाताची चूक शोधा आणि मगच नदीबद्दल काही म्हणा.

नदीकाठ

होय, दोन-दोन बाटल्या भरू. वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहून ठेवले आहे.